पैसे देणाऱ्या ऑनलाइन मासिकांना कथा पाठवायची तर आधी पहिला हक्क सांभाळा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. दोन-तीन मराठी कथा दिवाळी अंकात आल्यात, त्यातल्या एकीचं तुम्ही स्वतःच इंग्रजी केलंय, एक ४,२०० शब्दांची सायन्स फिक्शन कथा थेट इंग्रजीत लिहिलीय (कृष्णेच्या पुराची, सांगलीत घडणारी), आणि एक छोटी इंग्रजी कथा मागच्या वर्षी फेसबुकवर टाकून झालीय. आता यातलं काय कुठे पाठवायचं, पैसे खरंच देतात का, आणि लिहिता माहेरच्या नावाने तर पैसे हातात कसे येणार. मी बरीच वर्षं परदेशी ऑनलाइन मासिकांना कथा पाठवतोय, काही विकल्या गेल्यात, आणि मध्ये एका मासिकासाठी आलेल्या कथांचं पहिलं वाचन पण करायचो, त्याला तिकडे स्लश रीडिंग म्हणतात. त्यामुळे पाठवणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची, दोन्ही बाजू बघितल्यात, त्या जोरावर सांगतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मासिक तुमची कथा विकत घेत नाही, ती कथा पहिल्यांदा छापायचा हक्क विकत घेतं. कॉपीराईट तुमचाच राहतो, कथा तुमचीच राहते, पुढे तुम्ही ती संग्रहात घ्याल, परत कुठे छापाल, पण "ही कथा इंग्रजीत जगात पहिल्यांदा आमच्याकडे आली" एवढ्याचे ते पैसे मोजतात आणि हा हक्क एकदाच विकता येतो. वाशी मार्केटला हापूसच्या पहिल्या पेटीला जो भाव मिळतो तसंच आहे हे, आंबा पुढेही तोच असतो पण तो भाव परत नाही. आपल्याकडे लिहिणारी इतकी चांगली माणसं कथा लिहून झाली की त्याच रात्री फेसबुकवर, ब्लॉगवर, प्रतिलिपीवर टाकतात, दोनशे लाईक येतात, बरं वाटतं, आणि त्या कथेचं विकण्यासारखं जे काही होतं ते तिथेच संपतं. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण कथा चांगली असते आणि लेखकाला कुणी हे सांगितलेलंच नसतं.

मग फेसबुकवर टाकलेल्या कथेचं काय. पोस्ट पब्लिक होती तर बहुतेक मासिकांच्या हिशोबाने ती प्रकाशित झाली, विषय संपला. पोस्ट डिलीट करून "अप्रकाशित" म्हणून पाठवू नका, ते खोटं होईल आणि एका सर्चमध्ये सापडतं. ती रीप्रिंट म्हणून, म्हणजे आधी प्रकाशित झालेली कथा म्हणून पाठवता येते. रीप्रिंट घेणाऱ्या जागा कमी आहेत आणि पैसे बरेच कमी मिळतात, पण आहेत. एस्केप पॉड, पॉडकॅसल, स्यूडोपॉड हे तीन ऑडिओवाले आहेत, अनुक्रमे सायन्स फिक्शन, फँटसी आणि भयकथा, ते नवीन कथांबरोबर आधी छापलेल्या कथाही घेत आलेत. नवीनला शब्दावर पैसे, जुनीला ठरलेली छोटी रक्कम. कथा कुणाला वाचायला देणं वेगळं, चार-पाच मित्रांना ईमेल केली, बंद क्रिटिक ग्रुपमध्ये चर्चेला ठेवली, तर त्याला कुणी प्रकाशन म्हणत नाही. साडेतीनशे लोकांच्या व्हॉट्सॲप साहित्य ग्रुपवर मात्र टाकू नका, तिथून ती नावाशिवाय फॉरवर्ड होत जाते आणि मग कुणाच्या तरी पेजवर दुसऱ्याच्या नावाने दिसते.

दिवाळी अंकात आलेल्या कथेची गोष्ट वेगळी आहे आणि इथे तुमच्या बाजूने बरंच काही आहे. तिचा मराठीतला पहिला हक्क वापरून झाला, पण इंग्रजीतला अजून तुमच्याकडे आहे. दिवाळी अंकाला तुम्ही काही सही करून दिलं होतं का ते आठवा. बहुतेक ठिकाणी फोनवर किंवा मेसेजवर ठरतं, मानधनाचा चेक किंवा नुसता अंक घरी येतो, कागद काहीच नसतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराईट कायद्यातलं कलम १९ सांगतं की हक्काचं हस्तांतरण लेखी आणि सही केलेलं असल्याशिवाय ग्राह्य नाही, आणि लेखी असलं तरी त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ते ५ वर्षांपुरतं धरायचं, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे कागद नसेल तर इंग्रजी अनुवाद तुमचा तुम्ही खुशाल पाठवा, फक्त कव्हर लेटरमध्ये, म्हणजे कथेबरोबर जाणाऱ्या छोट्या पत्रात, स्वच्छ लिहा की मूळ कथा मराठीत अमुक अंकात अमुक वर्षी आली होती, अनुवाद लेखिकेनेच केलाय आणि तो अप्रकाशित आहे. काही मासिकं कुठल्याही भाषेत आधी छापलेलं असेल तर रीप्रिंटच धरतात, काही फक्त इंग्रजीतलं बघतात, हे त्यांच्या गाईडलाईनमध्ये असतं, नसेल तर दोन ओळींची मेल टाकून विचारा. क्लार्क्सवर्ल्ड हे सायन्स फिक्शनचं मासिक अनुवाद नियमित छापतं, चिनी आणि कोरियन कथा त्यांनी भरपूर आणल्यात. स्ट्रेंज होरायझन्स या मासिकाचं समोवार नावाचं भावंड २०१७ पासून फक्त अनुवादित कथा-कवितांसाठी आहे, आणि तिथे मूळ लेखकाला आणि अनुवादकाला दोघांनाही पैसे मिळतात. मराठीतून तिकडे फारच थोडं जातं. आपल्याकडे विज्ञानकथेची एवढी मोठी परंपरा असताना हे चित्र बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आता पैसे. अमेरिकेतल्या सायन्स फिक्शन-फँटसी लेखकांच्या संघटनेने, एसएफडब्ल्यूएने, व्यावसायिक दर म्हणून एक किमान आकडा ठरवलाय, २०१९ मध्ये तो शब्दाला ६ सेंटवरून ८ सेंट झाला. चांगली मासिकं त्याच्या आसपास किंवा वर देतात. क्लार्क्सवर्ल्ड गेली काही वर्षं १२ सेंट किंवा त्याहून जास्त देतंय, स्ट्रेंज होरायझन्स, अनकॅनी, डायबोलिकल प्लॉट्स ही १० च्या घरात. तुमची ४,२०० शब्दांची कथा ८ सेंटने ३३६ डॉलरची झाली आणि १२ ने ५०४ ची. म्हणजे कमीत कमी धरली तरी पंचवीस हजार रुपयांच्या वर, एका कथेचे. मराठीत एका कथेला सहसा जे मानधन मिळतं त्याच्याशी तुलना तुम्हीच करा. पण स्पर्धाही तशीच आहे, क्लार्क्सवर्ल्डकडे महिन्याला हजाराच्या वर कथा येतात आणि अंकात सात-आठच बसतात, त्यामुळे यावर घर चालेल असं समजू नका. तिकडच्या नावाजलेल्या लेखकांचंही नुसत्या लघुकथांवर भागत नाही.

याच्यातूनच पाठवण्याचा क्रम ठरतो, आणि इथे बहुतेक नवे लोक उलटं करतात. त्यांना वाटतं आधी छोट्या, फुकट छापणाऱ्या ठिकाणी द्यावी, नाव होईल, मग मोठ्यांकडे जाऊ. तसं नाही होत. फुकट दिलेल्या कथेचा पहिला हक्क गेला, ती आता मोठ्यांकडे जाऊच शकत नाही, आणि मोठ्या मासिकाचा संपादक तुम्ही आधी कुठे छापून आलात हे बघून निवडत नाही, समोरची कथा बघतो. म्हणून वरून सुरू करा आणि नकार येईल तसं खाली या. "माझी कथा त्यांच्या लायकीची नाही" हे तुम्ही ठरवू नका, ते ठरवायला तिथे माणसं बसलेली आहेत आणि त्यांचं ते काम आहे. मी वाचक म्हणून बसायचो तेव्हा भारतातून येणाऱ्या कथा इतक्या कमी असायच्या की प्रश्नच पडायचा, लिहिणारे तर आहेत, मग पाठवत का नाहीत.

मासिकं शोधायला द सबमिशन ग्राइंडर ही साईट वापरा, फुकट आहे, डायबोलिकल प्लॉट्सच्या डेव्हिड स्टेफेननी २०१३ मध्ये सुरू केलं, आधी लोक वापरायचे ते ड्युओट्रोप पैसे घ्यायला लागल्यावर. कथेचा प्रकार, शब्दसंख्या, किमान दर टाकला की कुठली मासिकं आत्ता उघडी आहेत, सरासरी किती दिवसांत उत्तर देतात, ते दिसतं. आपण कुठे काय पाठवलं याची नोंदही तिथेच ठेवता येते. पण शेवटचा शब्द मासिकाच्या स्वतःच्या गाईडलाईनचा, कारण दर आणि तारखा बदलत असतात.

आणि गाईडलाईन म्हणजे नुसती चाळायची नाही हो, बसून वाचायची. बिनीथ सीसलेस स्काईज २००८ पासून चालू आहे, सुंदर मासिक आहे, पण त्यांना कल्पित जगात घडणारी फँटसी हवी असते, तुमची सांगलीच्या पुराची कथा कितीही चांगली असली तरी तिथे पाठवून उपयोग नाही. खोरिओ हे मासिक स्थलांतरित आणि डायस्पोरा लेखकांसाठी आहे, न्यू जर्सीत किंवा दुबईत बसून लिहिणाऱ्या मराठी माणसाने ते जरूर बघावं. डायबोलिकल प्लॉट्सची मर्यादा ३,५०० शब्दांची, तुमची ४,२०० ची तिथे बसतच नाही, आणि त्यासाठी सातशे शब्द कापून कथा लंगडी करू नका. क्लार्क्सवर्ल्ड १,००० ते २२,००० शब्द घेतं. शिवाय काही जण काय आणलं तर जड जाईल याची यादीच देतात, क्लार्क्सवर्ल्डच्या यादीत झोंबी आहेत, बोलणाऱ्या मांजरी आणि बोलणाऱ्या तलवारी आहेत. ती यादी त्यांनी हजारो कथा वाचून काढलेली असते, तिचा मान ठेवा. तारखांचं पण बघा, बरीच मासिकं वर्षातून ठराविक काळच उघडतात, काही तर आठवडाभरच, आणि वेळ अमेरिकेची असते. तिकडच्या पूर्व किनाऱ्याची रात्रीची ११:५९ म्हणजे आपली दुसऱ्या दिवशी सकाळची ९:२९, त्यांच्या हिवाळ्यात १०:२९. शेवटच्या दिवसावर जाऊच नका, काही ठिकाणी ठरलेला आकडा भरला की फॉर्म आधीच बंद होतो.

फॉरमॅटची फार भीती घेऊ नका. शन फॉरमॅट असं सर्च करा, विल्यम शन नावाच्या लेखकाने नमुना करून ठेवलाय, बहुतेक जण तोच मागतात. साधा फॉन्ट १२ पॉइंटचा, डबल स्पेसिंग, चारी बाजूंना एक इंच, पहिल्या पानावर डावीकडे नाव-पत्ता-ईमेल, उजवीकडे शब्दसंख्या, पुढच्या प्रत्येक पानावर आडनाव, शीर्षक, पान नंबर. फाईल वर्डची किंवा आरटीएफ, पीडीएफ सहसा नको असते. स्पेलिंग भारतीय-ब्रिटिश असलं तर चालतं, फक्त कथाभर एकसारखं ठेवा. काही ठिकाणी नाव काढून पाठवायला सांगतात, म्हणजे वाचणाऱ्याला लेखक कोण ते कळू नये. तिथे पहिल्या पानावरचं, हेडरमधलं आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमधलं, तिन्ही ठिकाणचं नाव काढा, फाईलच्या नावातही नको. ही पद्धत आपल्याला नवी नाहीये. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. एवढ्या मोठ्या माणसाला कथा नावाशिवाय जोखली जावी असं वाटलं, तर आपण त्या पद्धतीला घाबरायचं काही कारण नाही, उलट नवीन लेखकाला तीच सगळ्यात जास्त फायद्याची.

कव्हर लेटर चार ओळींचं. डिअर एडिटर्स, ही माझी अमुक नावाची ४,२०० शब्दांची सायन्स फिक्शन कथा, अप्रकाशित आहे, दुसरीकडे पाठवलेली नाही, माझ्या मराठी कथा अमुक-अमुक दिवाळी अंकांत आल्यात, वाचल्याबद्दल धन्यवाद. बस. रिस्पेक्टेड सर लिहू नका, बऱ्याच ठिकाणी संपादक बाई आहेत किंवा दोघं-तिघं मिळून काम बघतात. कथेचा सारांश देऊ नका, कथेत मला काय म्हणायचंय ते समजावू नका, लहानपणापासून वाचनाची आवड वगैरे नको. पण दिवाळी अंकातलं प्रकाशन मात्र लाज न बाळगता लिहा, १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या मनोरंजनपासून चालत आलेली परंपरा आहे ती, तिकडच्या संपादकाला अंकाचं नाव माहीत नसेल पण ही बाई लिहिणारी आहे एवढं त्याला कळतं. सांगायला काही नसेल तर काही लिहू नका, त्याने बिघडत नाही.

एआयबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण सांगायलाच हवं. फेब्रुवारी २०२३ मध्ये क्लार्क्सवर्ल्डकडे एआयने बनवलेल्या कथांचा एवढा लोंढा आला की महिन्याच्या वीस तारखेपर्यंत तशा पाचशेच्या आसपास झाल्या, आणि संपादक नील क्लार्क यांनी सबमिशनच बंद केलं, ते मार्चमध्ये परत उघडलं. तेव्हापासून अनेक मासिकांच्या फॉर्मवर तुम्हाला जाहीर करावं लागतं की कथा लिहिताना एआय वापरलेलं नाही, आणि पुष्कळ ठिकाणी यात अनुवाद आणि "इंग्रजी जरा नीट करून दे" हेही धरतात. त्यामुळे तुमच्या मराठी कथेचं इंग्रजी तुम्ही स्वतः केलंय हे फार चांगलं केलंत. व्याकरण तपासायचं असेल तर इंग्रजी चांगलं असलेल्या माणसाला वाचायला द्या. इंग्रजीची जी वळणं तुमची आहेत ती राहू द्यात, चुका काढा, वळणं काढू नका. वाचक म्हणून मला गुळगुळीत, कुणाचाच नसलेला आवाज दोन परिच्छेदांत कळायचा आणि तिथे लक्ष उडायचं, सांगलीच्या बाईचा आवाज आला की मी सरळ बसायचो.

पहिल्या पानाबद्दल एवढंच सांगतो की पहिला वाचक बहुतेक ठिकाणी पगाराशिवाय काम करतो, स्ट्रेंज होरायझन्ससारखं मासिक २००० सालापासून जवळपास पूर्ण स्वयंसेवकांवर चाललंय, नोकरी-घर सांभाळून माणूस रात्री पंधरा कथा उघडतो. त्याला पहिल्या पानावर कोण आहे, कुठे आहे आणि काय बिनसलंय एवढं लागतं. ढोबळमानाने सगळ्यात जास्त कथा याच्यावर मार खातात की खरी कथा चौथ्या पानावर सुरू होते, आधीची तीन पानं हवामान, झोपेतून उठणं आणि जगाचा इतिहास. तुमच्या कथेत पाणी अंगणात कधी येतं ते बघा, आणि तिथून सुरू करता येईल का बघा. अमेरिकन वाचकाला कळावं म्हणून आयर्विन पुलाचं वर्णन करत बसू नका, पात्रांना तो पूल रोजचा आहे, त्यांच्या नजरेतून जेवढा दिसेल तेवढाच.

पाठवलं की वाट बघायची. क्लार्क्सवर्ल्ड सहसा काही दिवसांतच सांगतं, बाकीचे महिना, दोन महिने, कधी सहा. मध्ये विचारणा करू नका, गाईडलाईनमध्ये किती दिवसांनी विचारा ते लिहिलेलं असतं. एकच कथा एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवणं, सायमल्टेनियस सबमिशन, हे क्लार्क्सवर्ल्ड आणि इतर बऱ्याच मासिकांना चालत नाही, आणि नाही म्हटलंय तिथे पाळाच, हा शेवटी विश्वासाचा धंदा आहे आणि संपादक एकमेकांना ओळखतात. चालतं म्हटलंय तिथे पाठवा, पण एकीकडे स्वीकारली गेली की त्याच दिवशी दुसरीकडून मागे घ्या.

नकार येणार. छापील नकार असतो, सगळ्यांना तोच मजकूर, त्यातून काही शोधू नका. दुसरा प्रकार म्हणजे कथेबद्दल एखादं खरं वाक्य लिहिलेला, "पुढची कथा जरूर पाठवा" असं म्हणणारा, आणि हे ते शिष्टाचार म्हणून लिहीत नाहीत, वेळच नसतो तेवढा, म्हणून ते शब्दशः घ्या आणि खरंच पाठवा. तिसरा म्हणजे बदल करून परत पाठवा, तसा आला तर इतर सगळं बाजूला ठेवून त्या कथेवर बसा. आणि नकाराला उत्तर द्यायचं नाही, धन्यवादाचंही नाही. कथा त्याच आठवड्यात पुढच्या मासिकाला गेली पाहिजे. प्रत्येक नकारानंतर कथा उघडून बदलत बसू नका, वेगवेगळ्या दोन-तीन ठिकाणांहून एकच गोष्ट ऐकू आली तर मात्र तिथे बघा. मी वाचत होतो तेव्हा चांगल्या कथा परत जायच्या, कारण मागच्याच महिन्यात पुरावरची दुसरी घेतलेली असायची, किंवा अंकात दोन लांब कथा आधीच असायच्या. ही कारणं पाठवणाऱ्याला कधीच कळत नाहीत.

स्वीकारली तर कॉन्ट्रॅक्ट येतं, आणि आनंदात सही करू नका, परत पहिल्या हक्कावर या. चांगल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये लिहिलेलं असतं की ते इंग्रजीत पहिल्यांदा छापायचा हक्क घेतायत, अमुक महिने दुसरीकडे छापायची नाही (सहा महिने ते वर्ष, हे रास्त आहे), त्यानंतर कथा त्यांच्या साईटवर राहील पण तुम्हीही ती हवी तिथे देऊ शकता, ऑडिओ घेणार असतील तर तसं वेगळं, आणि ठरलेल्या मुदतीत छापली नाही तर हक्क परत तुमच्याकडे. खटकायला पाहिजे ते म्हणजे "ऑल राईट्स", सिनेमा-मालिकेचे हक्क, कायमचा आणि फक्त त्यांचाच असा हक्क, मॉरल राईट्स (लेखक म्हणून नाव लागण्याचा आणि कथेची मोडतोड रोखण्याचा हक्क) सोडून द्या असं कलम, किंवा अनुवादाचे हक्क. अनुवादाचे तर अजिबात देऊ नका, तुमचीच कथा मराठीत दिवाळी अंकाला द्यायची तर उद्या तुम्हाला परवानगी मागावी लागेल. असं काही दिसलं तर नम्रपणे विचारा, हे कलम काढता येईल का. विचारलं म्हणून कथा परत पाठवली असं चांगल्या मासिकाकडून होत नाही, आणि जे पाठवतील त्यांना ती न दिलेलीच बरी.

पैसे मागणाऱ्यांपासून लांब राहा. सायन्स फिक्शन-फँटसीत चांगली मासिकं वाचायची फी घेत नाहीत. अमेरिकेतली साहित्यिक मासिकं मात्र तीनेक डॉलर घेतात, त्याला फसवणूक म्हणता येणार नाही पण आपल्या खिशाला ते दर वेळी परवडत नाही, आणि त्यातली बरीच फीच्या दिवसांबरोबर काही दिवस फुकटही ठेवतात. आपल्याकडचे "प्रातिनिधिक कथासंग्रहात सहभागी व्हा, शुल्क इतके, सन्मानचिन्ह आणि प्रमाणपत्र मिळेल" हे मेसेज तर बघूही नका, तिथे तुम्ही पैसेही देता आणि पहिला हक्कही देता. विज्ञानकथा नसलेलं काही तुमच्याकडे असेल तर कॉमनवेल्थ लघुकथा स्पर्धा फुकट आहे, २,००० ते ५,००० शब्द, कथा अप्रकाशित हवी. तिथे मूळ बंगाली आणि तमिळ कथा घेतात, मराठी अजून नाही, पण इंग्रजी अनुवाद चालतो.

आता पैसे हातात कसे येतात. बहुतेक मासिकं पेपालने देतात. पेपालने भारतातल्या भारतात पैसे पाठवायची सेवा १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, पण परदेशातून येणारे पैसे चालू आहेत, ते आपोआप तुमच्या बँक खात्यात जातात. खातं उघडताना पॅन लागतो आणि पर्पज कोड निवडावा लागतो, पैसे कशाबद्दल येतायत त्याचा, तो लेखनाशी जुळणारा निवडा. पेपाल स्वतःची फी कापतं आणि डॉलरचा भावही बाजारापेक्षा कमी धरतं, त्यामुळे ३३६ चा हिशोब पूर्ण बसणार नाही. नावाचं असं, की कथेवर माहेरचं नाव बिनधास्त राहू द्या, फॉर्ममध्ये लेखक म्हणून एक नाव आणि कायदेशीर नाव वेगळं अशी सोय जवळपास सगळीकडे असते. पण पेपाल, पॅन आणि बँक या तिन्हीवर नाव अगदी एकसारखं हवं. तुमचं पॅन माहेरच्या आणि खातं सासरच्या नावाने असेल तर ते कथा पाठवायच्या आधीच नीट करून घ्या, नंतर पैसे अडकतात आणि पत्रव्यवहारात महिने जातात. काही अमेरिकन मासिकं डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म भरून मागतात, त्याला घाबरू नका, तुम्ही अमेरिकेच्या नागरिक किंवा करदात्या नाही एवढं सांगणारा तो कागद आहे, त्यात परदेशी टॅक्स नंबर म्हणून पॅन टाकायचा. आलेली रक्कम इथल्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवा, सीएला सांगताना लेखनाचं परदेशी उत्पन्न असं स्पष्ट सांगा. आणि पैसे स्वीकारल्यावर मिळणार की छापल्यावर हे कॉन्ट्रॅक्टमध्ये बघून ठेवा, छापल्यावर असेल तर मध्ये वर्षही जाऊ शकतं.

तुमच्या तीन कथांचं म्हणाल तर माझं मत असं. पुराची कथा फॉरमॅट करून या आठवड्यात क्लार्क्सवर्ल्डला पाठवा, लवकर कळेल. परत आली तर त्या दिवशी स्ट्रेंज होरायझन्स, अनकॅनी, लाइटस्पीड यातलं जे उघडं असेल तिथे. क्लार्क्सवर्ल्डला दुसरी लगेच पाठवू नका, नकारानंतर ते सात दिवस थांबायला सांगतात. दिवाळी अंकातली कथा समोवार कधी उघडतंय ते बघून ठेवा आणि तोपर्यंत अनुवाद आणखी एकदा मोठ्याने वाचून काढा. फेसबुकवाली शेवटी, रीप्रिंट म्हणून, आणि कव्हर लेटरमध्ये कधी आणि कुठे टाकली होती ते लिहून. पुढची कथा लिहायला घेतली असेल तर ती कुणालाही दाखवा, फक्त पोस्ट करू नका.